सासूच्या वाट्याची सुकडी

बाप्तिस्मा मागायला आलेल्या एका बाईला मी चोर ठरवून परत पाठवले. चूक माझी होती, आणि ती मी देवाच्या नावाने केली, हे आधीच सांगून टाकतो.

मी सोलापुरात एका गिरणीच्या फाटकावर झडती घेणारा जमादार होतो. पाळी सुटली की कामगारांच्या कमरा, डबे चाचपायचे. कुणी सूत लपवून नेत नाही ना, ते पाहायचे. असे काम वर्षानुवर्षे केले की रविवारीही डोळे तेच काम करतात. दानाच्या थैलीत कोण नुसतीच मूठ उघडतो, ते मला मागच्या बाकावरून कळे. चर्चच्या मंडळीने मला पंच नेमले होते. आमच्याकडे बाप्तिस्म्याआधी पाळकसाहेब आणि पंच उमेदवाराला प्रश्न विचारत, आणि एका जरी पंचाने हरकत घेतली तर बाप्तिस्मा थांबे.

बाहत्तरच्या दुष्काळात गंगूबाई सांगोल्याकडून आली. विधवा बाई, दिवसभर खडी फोडायची. दुपारी चर्चच्या आवारात गुळाची सुकडी वाटत, त्या रांगेत ती असे. पुढे रविवारी उपासनेलाही येऊ लागली. ही पोटासाठी प्रभूला धरते आहे, असे मला पहिल्या दिवसापासून वाटे.

चौकशीच्या दिवशी मी तिला विचारले, “तू पापी आहेस, हे तुला पटतं का?”

“व्हय की, जमादार. सुकडी दोनदा घेतलीया मी. येकदा माज्या नावानं, येकदा सासूच्या.”

“सासू कुठं आहे?”

“ती कवाच वारली.”

पाळकसाहेबांना हसू आवरेना. मी मात्र हसलो नाही. फाटकावर माल सापडावा, तसे मला झाले. “कबूल झाली आहे,” मी म्हणालो. “माझी हरकत आहे. सुकडी संपली की ही इकडे फिरकायची नाही.”

“जमादार, देवाच्या फाटकावरही झडती?” पाळकसाहेब म्हणाले. पण नियम नियमच होता. प्रभुभोजनाच्या रविवारी मी बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळणाऱ्या भाकरीचे ताट घेऊन बाकांमधून फिरलो, आणि तिच्यासमोरून ते तसेच पुढे नेले. तिने मान खाली घातली होती.

त्या दिवसापासून माझ्या घशातून ती भाकरी नीट उतरेना. तिने विचारताच आपले पाप सांगितले होते, आणि मी त्याच कबुलीने तिला बाहेर काढले. मग माझी कबुली कुठे होती? माझा आजा जुन्या दुष्काळात मिशनच्या पेजेच्या वासाने आला होता. आई म्हणे, “पेजेसाठी आला आणि प्रभूसाठी राहिला.” आईचे हे बोलणे मी मंडळीत कधी सांगितले नव्हते. प्रार्थनेला बसलो की मला वाटे, देवही माझ्यासारखाच फाटकावर उभा आहे आणि माझी पाळी सुटण्याची वाट पाहतो आहे. तारण झाले, असे तोंडाने म्हणत होतो. भरवसा मात्र नव्हता.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. खडीचे काम बंद पडले, सुकडीही. गंगूबाई गावी निघून गेली. “बघा,” मी सगळ्यांना म्हणालो. माझे खरे ठरल्याचा मला आनंद झाला, हेही लिहिलेच पाहिजे.

मग आमचा हंगामाचा सण आला. लोक पहिले पीक वेदीपाशी ठेवतात, पंचांनी ते हातात घ्यायचे असते. रांगेत गंगूबाई उभी होती, डोक्यावर बाजरीच्या कणसांची पाटी. कुणाच्या रानातली असेल, हाच माझा पहिला विचार. पाटी घेताना सवयीने माझा हात कणसांखाली गेला, आणि फडक्यात बांधलेले काहीतरी लागले.

“हे काय लपवलंस?” मी सगळ्यांदेखत विचारले.

“लपवलं न्हाय, खाली ठिवलंय. सासूची सुकडी हाय ती. गूळ घालून घरीच केली. परत आनली.”

“आता बाप्तिस्मा मिळावा म्हणून?”

“न्हाय वं. देवानं तर म्या सांगितलं तवाच माफ केलं. तुमचंच तेवढं ऱ्हायलं हुतं.”

पाटी माझ्या हातात होती आणि ती खाली ठेवायचे मला सुचेना. माफी आधीच मिळाली, असे धरून ही बाई सांगोल्याहून इतक्या लांब आली होती. मी जन्मापासून देवाच्या घरात राहून अजून दाराशीच खिसे झाडत उभा होतो. तो चमत्कार होता की काय, मला ठाऊक नाही. एवढेच कळले की आपल्याला धरून ठेवणारा हात आपली झडती घेत नाही. आपणच अंग चोरून उभे असतो.

मी पाटी वेदीपाशी ठेवली आणि मंडळीकडे तोंड केले.

“माझा आजा पेजेसाठी आला होता,” मी म्हणालो. “त्याला कुणी अडवलं नाही. गंगूबाई, तुम्हाला मी अडवलं. माझी हरकत मी मागं घेतो. मला माफ करा.”