मोजेवाल्या ताईंच्या फोनमधला आवाज

वरच्या मजल्यावरच्या ताईंचं माहेर कुठलं, शिक्षण किती, त्यांना गोड आवडायचं की तिखट, यातलं खालच्या मजल्यावरच्या रेडिओवाल्या काकांना काहीच सांगता आलं नसतं. नऊ वर्षं एकाच जिन्याने ये-जा करूनही, शेवटचा आठवडा सोडला तर, ओळख कधी 'जिन्यातला दिवा गेलाय' याच्या पुढे सरकली नव्हती. शेवटी ताई बहिणीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या, हेही त्यांना घरमालकाकडून कळलं. पण ताईंच्या घरातला एक आवाज मात्र काकांच्या कानात ठाण मांडून बसला होता.

ताई तान्ह्या बाळांचे लोकरीचे मोजे विणून ऑनलाइन विकायच्या. दुकान म्हणजे खिडकीशी एक टेबल, लोकरीचे गुंडे, खोके, चिकटपट्टी आणि कायम चार्जरला लावलेला फोन. गिऱ्हाइकांचे पैसे ज्या खात्यात यायचे ते नवऱ्याच्या नावावर होतं. पैसे जमा झाले की वाजणारा संदेश त्या पैशांच्या ॲपमध्ये दुकानदाराला स्वतःच्या आवाजात भरता येई. नवरा मुळातच थट्टेखोर. त्याने खणखणीत आवाजात भरून ठेवलं होतं, "पैसे आले गं! ऊठ आता!"

नवरा गेला, खातं तसंच राहिलं. दुपारी काकांचा डोळा लागतो न लागतो तोच छतातून यायचं, "पैसे आले गं! ऊठ आता!" मग वर खुर्ची सरकायची, पावलं वाजायची.

एके दिवशी ताई स्वतःच खाली आल्या. हातात फोन, चेहरा उतरलेला.

"काका, तुमचं सगळं आयुष्य रेडिओ केंद्रावर, आवाजात गेलं. यातनं माणसाचा आवाज काढून ठेवता येतो का हो?"

खातेदार हयात नाही हे कंपनीला कळलं होतं. शुक्रवारी पाच वाजता खातं बंद होणार, पुढे ताईंच्या नावाचं नवीन. आवाज जुन्या खात्याबरोबरच जाणार होता.

"दोन वर्षं कळवलं नाही मी. चूक माझीच. पण कळवायचं म्हणजे..."

काकांनी माळ्यावरचा रेकॉर्डर काढला. पैसे आले की बटण दाबायचं, बस्स.

"तुमच्याच दुसऱ्या खात्यातून थोडे पाठवून बघा की."

"छे! ह्यांना नाही फसवायची मी. खरं गिऱ्हाईक आलं तरच हाक मारतात हे."

शुक्रवारी दुपारी दोघं त्या टेबलाशी बसली. ताईंचं बोट बटणावर. तीन वाजले, चार वाजले, गिऱ्हाइकाचा पत्ता नाही.

"आज नेमके सगळ्या बाळांचे पाय उबदार झालेत वाटतं," ताई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. पण नजर फोनवरून हलेना. अत्यवस्थ माणसाच्या छातीकडे बघावं, तशा त्या बघत होत्या.

सुनेने काकांच्या फोनवर ताईंचं दुकान कधीच शोधून दिलं होतं. ते नुसते बघत बसायचे, घ्यायची लाज वाटायची. आता त्यांनी टेबलाखाली फोन धरला आणि एकेक अक्षर चाचपत एक जोड मागवला. नाव, पत्ता, पैसे. पाचला सात मिनिटं होती.

"पैसे आले गं! ऊठ आता!"

ताई ताडकन उठल्या. बोट बटणावरून निसटलं, दाबायचं राहिलंच. त्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या. काकांना बघायचं नव्हतं, तरी त्यांची मान वळली. दार बंदच होतं.

"अहो ताई, बटण!"

"हो की."

"परत पाठवू? अजून वेळ आहे."

ताईंनी फोनवरचं गिऱ्हाइकाचं नाव वाचलं, मग काकांकडे पाहिलं.

"नको. एकदा मोजे हवे होते म्हणून घेतलेत. दुसऱ्यांदा ती नुसती हाक होईल."

पाच वाजले. फोन तसाच गप्प पडून होता.

रविवारी ताई बहिणीकडे निघाल्या. वरची खोली अजूनही रिकामीच आहे, तरी काही दुपारी काकांना छतावर खुर्ची सरकलेली ऐकू येते आणि ते श्वास रोखून पुढच्या आवाजाची वाट बघतात. निघताना ताईंनी दाराशी येऊन छोटंसं खोकं त्यांच्या हातात दिलं होतं.

"डिलिव्हरीचे पैसे कशाला भरलेत हो? एक जिना तर उतरायचा."

"ते आपोआप लागले."