मोटारीची खांदेमळण

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. परभणी स्टेशनच्या मालधक्क्यावर युरियाची पोती ट्रकमध्ये चढू लागली आहेत, आणि ड्रायव्हर आश्रुबा केबिनमध्ये वाकून रॉकेलच्या फडक्याने तीन पेडल पुसतो आहे. क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलेटर. रबराच्या खाचांत बोट घालून पाहतो, मग बोटाचा वास घेतो. हमालांना हे रोजचे आहे. एक जण खालून ओरडतो, "आश्रुबा, लागलं का तूप?"

"लागलं तर तुझ्या भाकरीला लावतो. पोतं सरळ ठेव आधी."

सन १९८६. पोळ्याचा आदला दिवस. गाडी बोरीला जाणार आहे. पेडल पुसण्याचा नेम तीन वर्षांचा आहे, आणि आश्रुबा आज या गाडीवर बसलेला आहे त्याचे कारणही त्या तीन पेडलांतच आहे.

आश्रुबा पेडगावचा. घरी थोडी कोरडवाहू जमीन, एक बैलजोडी, आई धुरपताबाई आणि बायको कस्तुराबाई. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चालवता चालवता त्याचा हात बसला, आणि १९८२ च्या पावसाळ्यात तो परभणीच्या दुधना ट्रान्सपोर्टमध्ये लागला. कंपनीचे मालक व्यंकटराव मूळचे बोरीचे शेतकरी. त्यांच्याकडे सहा ट्रक होते, पण भरवशाचे ड्रायव्हर नव्हते. म्हणून त्यांनी स्वतःच ड्रायव्हर तयार करायचे ठरवले. खेड्यातला तरुण घ्यायचा, वर्षाचा करारनामा करायचा, जुन्या उस्तादाशेजारी बसवून त्याला शिकवायचे, जड वाहनाचे लायसन काढून द्यायचे. लायसन वर्षभर मालकांच्या कपाटात राही. वर्ष भरले की मालक ते टेबलावर ठेवत आणि एकच विचारत, "बसतो का निघतो?"

बसणाऱ्याच्या हातात गाडी दिली जाई. म्हणजे त्या गाडीला त्याला विचारल्याशिवाय दुसरा कोणी हात लावत नसे. निघणारा लायसन खिशात घालून नांदेड, औरंगाबाद नाहीतर हैदराबादची वाट धरी. पहिली काही वर्षे जवळजवळ सगळे निघाले. आवाराबाहेरच्या चहाच्या गाड्यावर नांदेडच्या एका कंपनीचा माणूस वर्ष भरणाऱ्या पोरांची वाट बघत बसलेला असे. व्यंकटराव म्हणत, "रोपं मी लावायलोय, अन् काढणी नांदेडवाले करायलेत."

या माणसाने आश्रुबालाही गाठले होते. नवी गाडी, मुंबई-सुरतची लाइन, पगार जास्त. आश्रुबाने ऐकून घेतले आणि मनात नाही म्हटले. नव्या गाडीचा ड्रायव्हर आठ-आठ दिवस घर पाहत नाही. इथली गाडी जिंतूर, बोरी, मानवत करून संध्याकाळी परत येते. शिवाय त्याची नजर एका गाडीवर होती. उस्ताद सिताराम दिवाळीत घरी बसणार होते. वर्षभर आश्रुबा त्यांच्याच शेजारी बसला होता. त्यांच्या मागे ती गाडी आपल्याच हातात यावी, एवढेच त्याला हवे होते, आणि ती येईल याची त्याला खात्री होती.

करार संपायला चार दिवस उरले असताना पोळा आला. सिताराम बैलांसाठी गावी गेले. मालधक्क्यावर खताची रेल्वे लागलेली होती, त्यामुळे व्यंकटरावांनी पोळ्यालाही काम ठेवले. आश्रुबाला सांगितले, की रिकामी गाडी रात्री पेडगावला ने आणि उजाडता उजाडता घेऊन ये. गाडी पहिल्यांदाच त्याच्या दारात उभी राहिली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळण असते. जू घासून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप आणि हळद चोळतात आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण देतात. धुरपताबाईंनी दोन्ही बैलांचे खांदे मळले. वाटीत तूप उरले. त्या वाटी घेऊन ट्रकपाशी आल्या. आश्रुबा ओसरीवर जेवत होता.

"हिचा खांदा कुठं हाय रे?"

"कुणाचा?"

"मोटारीचा. वर्सभर वझं वाहती ती. तिला आवतण द्यायचं न्हाई व्हय?"

"तिला खांदा न्हाई माय. तिचा सगळा जोर आत, पायाखाली असतोय."

तो चेष्टेने बोलला आणि विसरला. धुरपताबाईंनी ती चेष्टा मानली नाही. कंदील घेऊन त्या जन्मात पहिल्यांदा ट्रकच्या केबिनमध्ये चढल्या, पायाखाली चाचपडल्या, तीन पेडल सापडले. बैलाचा खांदा जितक्या काळजीने मळतात तितक्याच काळजीने तिन्ही मळले. मग म्हणाल्या, "आज आवतण घे, उद्या जेवाया ये."

सकाळी रस्ता मोकळा होता. ब्रेक लावायची फारशी वेळच आली नाही. गावाच्या वळणावर आश्रुबाचा पाय एकदा घसरला. चपलेला चिखल लागला असेल, असे त्याला वाटले. कंपनीच्या फाटकाशी थोडा उतार आहे. तिथे त्याने ब्रेकवर नेहमीसारखा जोर दिला, चप्पल ब्रेकवरून सरकली आणि शेजारच्या अ‍ॅक्सिलेटरवर जाऊन बसली. गाडी फाटक चुकवून त्याच्या बाजूच्या दगडी भिंतीत शिरली. भिंत पडली. एरवी त्या भिंतीला टेकून हमाल चहा पीत बसलेले असतात. त्या वेळी ते आत आवारात होते, म्हणून भिंतीपाशी कोणी नव्हते.

आवारात सगळे धावत आले. ब्रेक गेला, ब्रेक गेला, असे जो तो म्हणू लागला. त्या गाडीला आदल्याच दिवशी पंडित मिस्तरीने ब्रेकचे नवे लायनर बसवले होते. व्यंकटरावांनी आल्या आल्या पंडितला समोर बोलावले.

"काल ब्रेक कुणी बांधला?"

"म्याच मालक, पन..."

"पन बिन काही न्हाई. पाने-बिने गोळा कर अन् घरी जा."

आश्रुबा गाडीशेजारी उभा होता. त्याला कोणी काहीच विचारत नव्हते. त्याने एक चप्पल काढून उलटी केली. तळ पिवळा होता. त्याने वास घेतला.

"मालक, ब्रेक शाबूत हाय."

"मग भिंत काय स्वतःहून पडली?"

"पेडलला तूप हाय."

"काय हाय?"

"तूप. अन् हळद. माझ्या मायनं गाडीची खांदेमळण केली."

मग एक हमाल हसला आणि त्याच्या मागे सगळे आवार हसले. पंडित हसला नाही. त्याने केबिनमध्ये हात घातला, बोट नाकाशी नेले आणि पडलेल्या दगडांवर खाली बसला. व्यंकटरावही हसले नाहीत.

"चार दिवसानं ये, लायसन घे अन् निघ," ते म्हणाले. "बसतो का मनून मी तुला विचारणार न्हाई."

नांदेडच्या माणसाने चहाच्या गाड्यावरून हे सगळे पाहिले होते. बाहेर पडणाऱ्या आश्रुबाला तो म्हणाला, "आमच्याकडं भिंती न्हाईत." आश्रुबा पुढे गेला.

संध्याकाळी पेडगावात बैल मिरवून झाल्यावर त्याने आईला सांगितले. धुरपताबाईंनी डोक्याला हात लावला नाही, रडल्याही नाहीत. त्यांनी विचारले, "भिंत दगडाची व्हती का विटाची?"

"दगडाची."

"मग दगडं तर तिथंच असतील. म्या लावलं, तू सांगितलं. दोघांनी मिळून पाडली. उद्या चल बांधाया."

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईंनी भाकरी बांधून दिली आणि मायलेक खोरे-घमेले घेऊन कंपनीच्या आवारात हजर झाले. पंडितने न सांगता चिखल कालवायला घेतला. व्यंकटराव दहाच्या सुमारास आले तेव्हा भिंतीचे दोन थर झालेले होते.

"कुणी सांगितलं तुमाला हे?"

"कुनी न्हाई," धुरपताबाई म्हणाल्या. "पाडली ती बांधायलोत."

"बाई, खांदा बैलाला असतो. मोटारीला कुठला आलाय?"

"मग ती वझं कशावर वाहती, मालक?"

व्यंकटरावांनी गाडीकडे बोट दाखवले. "चाकावर."

"चाकं तर भायेरच हायती. ह्यानं मला आत मनून सांगितलं."

व्यंकटरावांनी आश्रुबाकडे पाहिले. "तू सांगितलं?"

"चेष्टा केली होती मालक."

"चेष्टा मायची करतो, अन् भिंत माझी पाडतो."

भिंत कराराच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालली. मधल्या काळात सिताराम गावाहून परतले. त्यांनी आधी गाडी पाहिली, मग भिंत पाहिली आणि मग ते मालकांकडे गेले. त्या दोघांचे काय बोलणे झाले ते दोघेही सारखेच सांगतात.

"माझ्या मागं ही गाडी कुणाला द्यायलाव?" सितारामांनी विचारले.

"बघू."

"बघायचं काय त्यात? उगी ऱ्हायला असता तर पंडित घरी गेला असता, अन् ह्यो भिंत न बांधता तुमच्यासमोर बसला असता. गाडीचं खोटं सांगणाऱ्याला गाडी द्या, मग बगा, रोज पंडितनंच काहीतरी बिघडवलेलं निघंल."

"आता वकिली सुरू केली का उस्ताद?"

"दिवाळीनंतर रिकामाच हाय मी."

शेवटच्या दिवशी व्यंकटरावांनी लायसन टेबलावर ठेवले. काही विचारले नाही. आश्रुबा समोर उभा राहिला. त्याने लायसन उचलले नाही.

"उचल की."

"तुमी अजून विचारलं न्हाई."

"काय?"

"बसतो का निघतो."

"माझी भिंत पाडून वर मलाच विचारा मनायलास?"

"भिंत उभी हाय मालक. आधीपेक्षा हातभर उंच हाय."

व्यंकटरावांनी खिडकीतून भिंतीकडे पाहिले. ती खरोखरच हातभर उंच होती. "बरं," ते म्हणाले. "बसतो का निघतो?"

"बसतो. पन दोन गोष्टी हायत्या."

"आता अटी घालणार का तू?"

"दिवाळीनंतर सितारामकाकाची गाडी माझ्या हातात. अन् पोळ्याला फाटक बंद. सगळ्यांना सुट्टी."

"सगळ्यांना? तू आपल्यापुरतं बोल. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदनं आधीच गाड्या उभ्या ऱ्हायल्यात, त्यात हा पोळा कुठून आणू?"

"समदे शेतकऱ्याचेच हायत मालक. सगळ्यांच्या घरी म्हातारी हाय, अन् सगळ्यांच्या घरी वाटीत तूप उरतंय. गाडी त्या दिवशी चाललीच न्हाई, तर कुठं बी लावू द्या."

पहिली अट व्यंकटरावांनी तिथल्या तिथे मान्य केली. दुसरीला एक वर्ष लागले. पुढच्या पोळ्याला त्यांनी फाटक उघडून ठेवले. ड्रायव्हर एकच आला, तोही सुट्टी आहे का ते विचारायला. व्यंकटरावांनी स्वतः कुलूप लावले आणि बैलांसाठी बोरीला गेले. तेव्हापासून पोळ्याला कंपनी बंद असते. गाड्यांची खांदेमळण मात्र आदल्या संध्याकाळी आवारातच होते आणि तिला नियम आहे. तूप-हळद फक्त पुढच्या बंपरला लावायची, केबिनचे दार बंद ठेवायचे.

त्यानंतर वर्ष भरलेल्यांपैकी बरेच जण बसले. त्याचे कारण पोळ्याची सुट्टी आहे, की व्यंकटरावांनी जवळच्या लाइनी वाटून दिल्या हे आहे, ते सांगता येत नाही. नांदेडचा माणूस अजून अधूनमधून चहाच्या गाड्यावर दिसतो. आश्रुबा त्याला विचारतो, "तुमच्यात पोळ्याला सुट्टी हाय का?" तो विषय बदलतो.

आज बोरीच्या सोसायटीच्या गोदामात युरिया उतरवून गाडी चारच्या आत परत आली. बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर त्या भिंतीचा पोचा अजून आहे. पंडितने तो ठोकून सरळ करतो म्हणून अनेकदा सांगितले, आश्रुबाने करू दिला नाही. पोचा असला की गाडी आपली म्हणून लांबून ओळखू येते, असे तो म्हणतो.

पाच वाजता पेडगावच्या बसमधून धुरपताबाई उतरल्या. हातात फडक्याने झाकलेली वाटी होती. ड्रायव्हर आपापल्या गाडीसमोर उभे राहिले. पंडित आश्रुबाच्या गाडीच्या दाराला पाठ लावून उभा होता.

"पंडित, अजून भेव वाटतंय व्हय माझं?"

"तुमचं न्हाई मावशी. तुपाचं."

"वाटी दावू का, किती हाय ते?"

"दावू नका. बंपरला लावा अन् वाटी माझ्याकडं द्या."

त्यांनी बंपर मळला, पोच्यावर जरा जास्त वेळ. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आज आवतण घे, उद्या जेवाया ये." पंडितने वाटी घेतली आणि उरलेले तूप बोटाने पुसून खाल्ले.

उद्या पोळा. दुधना ट्रान्सपोर्टच्या फाटकाला दिवसभर कुलूप असेल, सहाही गाड्यांच्या किल्ल्या व्यंकटरावांच्या घरी खिळ्याला असतील, आणि सकाळी सहा वाजता आश्रुबा पेडगावच्या ओढ्यावर बैल धूत असेल.