वेणीमाधवकाकांचा आवाज

रामघाटावर वेदपठण सुरू झालं की समोरून जाणारे नाववाले हात जोडत, ते आमच्या वेणीमाधवकाकांच्या आवाजाला. काका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. दोघे एकाच गुरूंकडे, काशीनाथशास्त्र्यांकडे शिकले. धाकटे असून वडील घनपाठी झाले. मंत्रातले शब्द मागेपुढे गुंफत म्हणणं त्यांना साधलं. काका मात्र साध्या संहितेवरच, म्हणजे मंत्र सरळ म्हणण्यावरच अडकले. तेव्हापासून त्यांनी जो आवाज चढवला, तो उतरवलाच नाही.

उपरणं सगळ्यांत रुंद, गंध सगळ्यांत ठसठशीत. कुणाचा स्वर किंचित हलला की डोळे वटारायला हे पहिले. घनपाठाच्या रांगेत बसून येणाऱ्या शब्दावर गरजत आणि न येणाऱ्यावर नुसते ओठ हलवत. मला त्यांचा मनस्वी राग येई.

"जरा हळू म्हणा, घसा बसेल," शरदिनीकाकू म्हणायच्या.

"हळू म्हणणाऱ्याला कोण विचारतं?"

दिल्ली दरबार भरला त्या सालची गोष्ट. चैत्रात दत्तात्रेयपंतांकडे वसंतपूजा होती. वैदिक दोन रांगांत समोरासमोर बसतात, आळीपाळीने मंत्र म्हणतात, मग पन्हं आणि भिजवलेले हरभरे मिळतात. त्या वर्षी बाकीचे सगळे प्रयागला यज्ञात अडकले होते. एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला एकटे काका. घन येत नाही हे उघडं पडलं, तर रांगेतली जागा कायमची जाणार होती.

वडिलांनी पहिला मंत्र घनात म्हटला आणि थांबले. काकांनी उपरणं सारखं केलं. आता सापडले, असं माझ्या मनात आलं. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं.

काका पंतांकडे झुकून हलकेच म्हणाले, "मला घन येत नाही. कधीच येत नव्हता. संहिता म्हणू?"

पंतांनी मान हलवली. काका म्हणू लागले. सावकाश, खालच्या पट्टीत, एकही स्वर न ढळता. माझा राग कुठे गेला, कळलंच नाही.

भिंतीला टेकलेल्या काशीनाथशास्त्र्यांना आता फारसं दिसत नसे. मंत्र संपला तसे ते सावरून बसले.

"हे कोण म्हणालं?"

"वेणीमाधव, गुरुजी," वडील म्हणाले.

"चाळीस वर्षं शेजारी राहतो," गुरुजी म्हणाले, "आणि त्याचा आवाज मी आज ऐकतोय."

काकांनी डोळे पुसले आणि पुढचा मंत्र म्हटला, तोही हळूच.