गावाबाहेरचं पंपघर

पाणी आणि वीज चालवणारी यंत्रं बाहेरच्या कुणाला इंटरनेटवरून गाठता येतात का, हे मी तंजावूरच्या विद्यापीठात बसून शोधतो. एका सकाळी पडद्यावर तिरुवैयारुपलीकडच्या एका गावाचं पंपघर उघडलं. मोटारीचं बटण समोर, पासवर्ड नाहीच. मी माऊसवरचा हात काढून घेतला.

पाणीखात्याला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. शिकवताना मधेच फोनवर ते पान बघायचो. मोटार चालू दिसली की वाटायचं, कुणी लावली असेल? जेवणातही लक्ष नसे. शेवटी बायको म्हणाली, "इथं जीव जाळत बसू नका. जाऊन सांगा."

पाणीखात्याच्या अभियंत्यांना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्याबरोबर पंपघरात आले आणि मोडेमची वायर काढली. मला हलकं वाटलं.

चार दिवसांनी पन्नाशीचा एक माणूस माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. त्या पंपघराचा ऑपरेटर.

"सार, ते मोडेम मीच लावून घेतलं होतं," तो तमिळमध्ये म्हणाला. त्याच्या बायकोचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असे. तिच्या खाटेशेजारी बसून तो फोनवरून मोटार चालवायचा. "आता ती एकटीच बसनं जाते. काल उतरताना पडली."

वायर काढणं चुकलं नव्हतं, पण त्याची बायको पडली होती.

अभियंत्यांची परवानगी काढून मंगळवारी आणि शुक्रवारी, तिच्या डायलिसिसच्या दिवशी, त्याच्याऐवजी मी पंपघरात बसू लागलो. मोटारीवर तळहात ठेवून तिची थरथर कशी ओळखायची, ते त्यानं शिकवलं. मी पुस्तक न्यायचो आणि एकही पान वाचून होत नसे. माझ्या विद्यार्थ्यांनी सुरक्षित जोडणी तयार केली. खात्याची मंजुरी मिळेपर्यंत तीन महिने गेले.

पहिल्या दिवशी त्यानं रुग्णालयातून मोटार लावली, तेव्हा काही बिघडलं तर असावं म्हणून मी तिथंच होतो. ती नीट चालली. फोनवर त्याची बायको आली. "आता तुम्ही घरी जा, सार."

निघालो. कालव्याच्या पुलापर्यंत गेलो, स्कूटर वळवली, आणि टाकी भरेपर्यंत पंपघराच्या पायरीवर बसून राहिलो.