सळईला पाणी घालणारे अण्णा

भर उन्हात, जिथं गवताची काडी उगवायची नाही अशा तांबड्या दगडाळ जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईला एक माणूस तांब्याने पाणी घालतोय. चारी बाजूंनी, सावकाश, जणू तिला पालवी फुटायची आहे. आमच्या बीदरकडच्या एखाद्या लग्नाला तुम्ही चुकून पत्रिकेतल्या वेळेवर पोचला असाल, तर हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. ते आमचे माइकअण्णा, साउंडवाले.

नवखा माणूस हमखास विचारायचा, "अण्णा, झाड कुठाय?"

"खाली हाय," ते म्हणायचे. "वर आलं तर वाईट."

ती सळई म्हणजे अर्थिंग. फुटलेला करंट जमिनीत मुरवायची वाट. आमचा सगळा जांभा दगड. उन्हाळ्यात तो असा कोरडा होतो की ओल औषधालाही राहत नाही, आणि ओलीशिवाय करंट कुठला मुरणार? म्हणून कार्यक्रम कुठलाही असो, उरूस असो, भीमजयंती असो की सप्ताह, आधी सळईला पाणी. अण्णा स्पीकरशी कानडीत बोलायचे, लाइटच्या ऑफिसात दखनी उर्दूत आणि आमच्याशी मराठीत. रागावले की तिन्ही भाषा सोडून गप्प बसायचे, आणि ते आम्हाला सगळ्यात चांगलं कळायचं.

दुसरी एक खोड होती. सगळं जोडून झालं की ते आवाजाची सगळी बटणं वर चढवायचे आणि हात उंच करायचे. "थांबा. आधी कायबी नसलेलं ऐकू."

मग अख्ख्या मांडवानं चूप बसायचं. स्पीकरमधून घुंई येते का, हे ते डोळे मिटून ऐकायचे. एकदा एक पुढारी भाषणाला तोंड उघडून उभे, आणि अण्णांचा हात काही खाली येईना. तेवढं एक मिनिट ते फार चांगलं बोलले, असं लोक नंतर म्हणत होते.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. घरच्यांनी तो इतक्यांदा सांगितलाय की मीच सांगितलेला बरा.

मी हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर. अर्थिंगचा धडा मी वर्षानुवर्षं फळ्यावर रंगीत खडूनं शिकवत आलोय. थोरली बहीण, आमची अक्का, मुडबीला दिलेली. तिच्या हळदीला आईनं गाणी म्हटली होती आणि मी ती कॅसेटवर धरली होती. आईचा आवाज म्हणून जगात आता तेवढीच एक कॅसेट. घरच्या टेपवर ती लावली की निम्मी घरघर आणि निम्मी आई. अक्काची लेक लग्नाला आली तेव्हा अक्का एवढंच म्हणाली, "पोरीच्या हळदीला आईचं गाणं मांडवात वाजू दे. दुसरं मला कायबी नको." मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. विज्ञानाचा मास्तर ना.

शाळेचा जुना लोखंडी पेटीचा कॅसेट डेक मी मुडबीला नेला. अण्णांचं सामान मांडवात लागलं होतं; ते स्वतः दुसऱ्या गावचा कार्यक्रम उरकून येणार होते. त्यांची वाट बघेल तो मास्तर कसला! डेक घरात ठेवला, घरातल्याच बोर्डावर लावला, बाजारातून आणलेली वायर खिडकीतून बाहेर काढून मांडवातल्या आवाजाच्या मिक्सरला जोडली. बटण दाबलं. अशी घुंई उठली की गोठ्यातली म्हैस दावं ओढू लागली. आई कुठंच नाही.

कुणीतरी कधीतरी सांगितलेलं आठवलं: तीन पिनांमधली जाड पिन काढली की घुंई जाते. ती जाड पिन म्हणजेच अर्थिंग, हे मी फळ्यावर शिकवतो. तरी पक्कड घेतली आणि डेकची पिन मोडली. घुंई खरंच गेली. मी ओसरीवर येऊन दाजींकडे असं पाहिलं, जसं काही वीज मीच शोधून काढली होती.

अण्णा आले ते नेमके तेव्हाच. त्यांनी कान टवकारला, खिडकीतली वायर पाहिली, घरात गेले. जमिनीवर पडलेली पिन उचलून खिशात टाकली आणि मेन स्विच खाली ओढला.

"सर, ही तुटली का तोडली?"

"तुटली," मी म्हणालो.

त्यांची नजर माझ्यामागं गेली. तिथं पक्कड पडलेली होती.

"तोडली," मी म्हणालो.

"कळ कोण दाबणार हाय?"

अक्का दाबणार होती. तसं तिनं ठरवूनच ठेवलं होतं. ती दारातच उभी होती, अनवाणी, हात कोपरापर्यंत ओल्या हळदीनं माखलेले. खालची फरशी नुकतीच धुतलेली. अण्णांनी तिच्या हातांकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं आणि ते खाली बसले.

"माझ्या थोरल्या भावानं अशीच पिन तोडली हुती, सर. भजनात. घुंई गेली म्हणून हासत उठला आन् माइक धरला." खिशातली पिन चाचपत म्हणाले, "मी तवा टाळ वाजवायलो हुतो."

मी त्या फरशीकडे बघत उभा होतो. आईचा आवाज ऐकवायला निघालो होतो, आणि जमिनीची वाट तोडलेल्या त्या पेटीवर आईच्या लेकीचाच हात पडणार होता.

बाहेर दाजींचा आवाज चढला होता. हळदीची वेळ टळत होती, बायका खोळंबल्या होत्या. गाणं मोबाइलवर कुठलंही लावा म्हणत होते. अण्णांनी त्यांना हळद थांबेल एवढंच सांगितलं आणि आंघोळीसाठी भरून ठेवलेल्या पिंपातल्या चार घागरी सळईला घातल्या. मग डेकला नवी पिन बसवली, डेक उचलून मांडवात आणला आणि मिक्सरच्याच बोर्डावर लावला. डेक आणि मिक्सर, दोघांची जमीन वेगवेगळी होती, म्हणून भांडत होते, म्हणाले.

माझी वायर त्यांनी दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली आणि नवी कापायला घेतली. हात चालू, तोंड चालू.

"तुमच्या वायरीत सांगणारा एकच, सर, एकच तार. मिक्सरला दोघं लागतेत. दोघं एकच गोष्ट सांगतेत, एक सुलटी, एक उलटी. वाटंत गोंधळ झाला तर दोघांच्याबी अंगाला सारखाच चिकटतो. मिक्सर दोघांचं ताडून बघतो, सारखं असंल ते फेकून देतो. राहती ती खरी बात." मग मान वर करून म्हणाले, "तुम्ही माईला एकाच्याच भरोशावर धाडायलाव की."

वायरीतल्या तारांभोवतीची जाळी त्यांनी मिक्सरच्या बाजूला जोडली, डेकच्या बाजूला कापून टाकली. मधे तळहाताएवढा एक पत्र्याचा डबा बसवला. हा दुभाष्या, म्हणाले. इकडची तार तिकडच्या तारेला शिवत नाही, बोलणं तेवढं पलीकडं जातं. आमच्या मुलखात दुभाष्याचं महत्त्व कुणाला सांगावं लागत नाही.

मग हात वर गेला. "थांबा. आधी कायबी नसलेलं ऐकू."

मांडव गप्प झाला. स्पीकर मोठे, बटणं वर चढवलेली, आणि त्यातून काही म्हणजे काही येत नव्हतं. म्हैस रवंथ करत होती ते ऐकू येत होतं. अण्णांनी डोळे उघडले आणि अक्काला मानेनं खूण केली. तिनं ओल्या हाताने कळ दाबली. मी डोळे मिटले होते.

गाण्याच्या आधी कॅसेटवर काही आहे, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ते घरघरीखाली दबलेलं होतं. बांगड्या वाजल्या. मग आई, अगदी जवळून, हळू आवाजात म्हणाली, "कायतरी दाबू नको रं. बिघडिवशील."

मांडव असा हसला की बायकांच्या हातातली हळद सांडली. मीही हसलो, आणि हसता हसता माझा चेहरा भलतंच काही करू लागला म्हणून खांबामागं गेलो. तोवर आईनं गाणं उचललं होतं. अक्का डेकवर हात ठेवून तशीच उभी होती. गाणं संपेपर्यंत तिनं तो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सामान आवरताना सळई उपसायला मी गेलो, तर अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. कोरडी तेवढी पडू दिऊ नका."

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. आजार लहानसाच वाटला होता. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. शोकसभेला कुणा दुसऱ्याचं साउंड होतं. भाषणं झाली, मीही बोललो. शेवटी दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहिलो, आणि तेव्हा स्पीकरमधली घुंई सगळ्यात स्वच्छ ऐकू आली.

परवा मुडबीला गेलो होतो. सकाळी अक्का तांब्या घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात वाकलेली दिसली. सळई तांबूस गंजली होती, बुडाशी बोटभर हिरवळ धरली होती. तिला तार जोडलेली नाही, मिक्सर नाही, डेक नाही.

"अक्का, हिला आता कायबी जोडलेलं न्हाई गं," विज्ञानाचा मास्तर म्हणाला.

"ठाऊक हाय," ती म्हणाली आणि तांब्या माझ्या हातात दिला. "त्या अंगानं घाल. तिकडं कोरडं ऱ्हायलंय."