कशावरूनबाई

आमच्या पाटकरबाईंना कुठलीही गोष्ट सरळ सांगायची सोय नव्हती. "बाई, उद्या संप आहे म्हणे." "कशावरून?" "बाई, लिंबाने सर्दी होते." "कशावरून?" मुलुंडच्या शाळेत आम्ही त्यांना 'कशावरूनबाई'च म्हणायचो. पुढे लग्न होऊन मी नाहूरला आले, तर बाई त्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर! मी कपाळाला हात लावला.

नववीला इतिहास शिकवायच्या. युरोपातलं ज्ञानोदयाचं युग म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पुस्तकात तो धडा अडीच पानांचा, बाई तीन आठवडे शिकवायच्या. ते विचारवंत जणू त्यांच्या शेजारीच राहायचे. "राजा म्हणतो म्हणून खरं नाही, पाद्री म्हणतो म्हणून खरं नाही, एवढं बोलायला ही माणसं तुरुंगात गेली गं. आणि तू गाइड पाठ करतेस?" कायदा करणारा, राबवणारा आणि न्याय देणारा वेगवेगळे का हवेत? तर, "भाजी करणाऱ्याने स्वतःच्या भाजीला मार्क द्यायचे नाहीत." परीक्षेत मी तेच लिहिलं आणि पैकीच्या पैकी मिळवले.

निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरी झाल्या. चेअरमनकाकांना तोंडावर सांगायच्या, "काका, तुम्ही निवडून आलात, अवतार घेतला नाहीत." काका त्यांना टरकून असायचे.

तीन वर्षांपूर्वी बिल्डिंगमध्ये कावीळ आली. सहा जण पडले. माझ्या सासूबाई तर अंथरुणाला खिळल्या, डोळे पिवळेजर्द. तळमजल्यावर सुनंदा आणि तिचा नवरा भाड्याने राहायचे, डबे करून द्यायचे. मी ऑफिसला जाणारी, सासूबाईंचा दुपारचा डबा तिचाच. झालं! काकांनी कागद काढला, की कावीळ डब्यांतूनच आली, या डबेवाल्यांना महिनाअखेर जागा खाली करायला लावा. खोटं कशाला बोलू, काकांच्या खालची पहिली सही माझीच होती.

मीटिंगमध्ये बाई उभ्या राहिल्या. "काका, आरोप तुमचा, निकालही तुमचाच? ती पोरगी कुठे आहे? तिला बोलावलंत?"

"बाई, इथे माणसं आजारी आहेत आणि तुमचा इतिहास काय लावलाय!"

"सहातल्या दोघांनी तिचा डबा कधी खाल्लेलाच नाही. मी घरोघर विचारून आलेय. पाणी मात्र सगळे एकाच टाकीचं पितात. मला आठ दिवस द्या."

मी उसळलेच. "तुमच्या घरात कोणी पडलं असतं म्हणजे कळलं असतं, बाई!"

"म्हणूनच तुला न्यायाधीश करता येत नाही, मंजू," बाई शांतपणे म्हणाल्या आणि बसल्या.

आठ दिवस मिळाले. पाणी उकळून प्या अशी पाटी लागली आणि दुसऱ्या दिवसापासून बाई नीळ घेऊन निघाल्या. रोज दोन-तीन घरांच्या संडासात दाट नीळ ओतायची आणि तासाभराने जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारून आत निळा रंग उतरलाय का ते बघायचं. वय बहात्तर, गुडघ्यांची बोंब, पण माघार नाही. टॉर्च धरायला मला ओढलं. "सही केलीस ना? मग बघायलाही ये." पहिलं घर सुनंदाचं. टाकीतलं पाणी स्वच्छ होतं. मग माझं घर, मग वरची घरं. काहीच नाही. काका जिन्यात भेटले की हसायचे.

सहाव्या दिवशी बाईंनी स्वतःच्या घरी नीळ ओतली. तासाभराने टाकीच्या आतल्या भिंतीवर निळा ओघळ! त्याआधीच्या दिवाळीत बाईंनी संडास-बाथरूम नवं केलं होतं. प्लंबरने पाइप टाकीला लागून असलेल्या जुन्या, बंद चेंबरमध्ये सोडून दिला होता आणि तिथून घाण टाकीत झिरपत होती.

तिथे आम्ही दोघीच होतो. मी हळूच म्हटलं, "बाई, गुपचूप पाइप बदलून घेऊ. टाकी धुऊन काढू. कोणाला कळतंय?"

बाई तिथल्या पायरीवर मटकन बसल्या. "मला कळलंय ना," एवढंच म्हणाल्या. त्यांचा तो चेहरा मी कधी विसरणार नाही.

त्याच संध्याकाळी त्या सासूबाईंच्या उशाशी आल्या. "माझ्या घरातल्या घाणीने तुम्ही आजारी पडलात. मला माफ करा." सासूबाई पक्क्या मालवणी. म्हणाल्या, "बाईनू, तुमी सांगलात म्हणान कळला. नायतर त्या डबेवाल्या चेडवाक आमी भायर काढला असता."

आता माझी पाळी होती. सुनंदा पोळ्या लाटत होती. मी दारातूनच म्हटलं, "चुकलं गं माझं." तिचा हात थांबला नाही. "ताई, इथे नका बोलू. आरोप मीटिंगमध्ये झाला ना? तिथे बोला."

राग आला मला, खरंच आला. घरी येऊन भांडी आपटली. पण ती बरोबर बोलत होती.

रविवारच्या मीटिंगमध्ये बाईंनी आधी स्वतःचं सगळं सांगितलं. काकांनी टोमणा मारलाच, "इतिहास शिकवणं सोपं असतं, बाई." बाई म्हणाल्या, "हो, सोपं असतं." मग मी उठले. काय बोलले ते आता नीट आठवत नाही. समोर बाई मान खाली घालून मिनिट्स लिहीत होत्या, हे मात्र आठवतं.

बाई गेल्या श्रावणात गेल्या. आता सेक्रेटरी मी आहे, सोसायटीचं दप्तर माझ्याकडे असतं. त्या सभेचं पान मी किती वेळा उघडलंय. बाईंचं गोल अक्षर: 'सौ. मंजिरी यांनी आपली सही चुकीची असल्याचे मान्य करून ती मागे घेतली. त्या वेळी सौ. सुनंदा सभेस हजर होत्या.' वाचलं की अजून लाज वाटते, आणि बाई हव्या होत्या असं वाटतं. पट्टी धरून मारलेली एक सरळ रेघ आहे त्या पानावर. ती माझ्या नावाखाली नाही, दुसऱ्या वाक्याखाली आहे.