डागांचा पुरावा

पुराव्याशिवाय घास न गिळणारा माणूस अख्ख्या महाड तालुक्यात एकच झाला, आणि त्याचा घातही पुराव्यानेच केला. हे आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. सगळे त्यांना अण्णा म्हणत. चहा छान झालाय म्हणावं, तर "कशाच्या मानाने?" असं विचारत. आजची आमटी कालच्यापेक्षा बरी आहे का, असं बायकोने विचारलं, तर कालची वाटीभर ठेवली का नाहीस म्हणून तिच्यावरच रागावत. मी मुंबईच्या मोर्चाहून घसा बसवून परतलो आणि लाखभर लोक होते म्हणालो, तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मोजले कोणी, पुढारी?" तेव्हा मी सायक्लोस्टाइल पत्रकं वाटत फिरायचो, आणि असल्या प्रश्नांनी माझं डोकं फिरायचं.

त्यांचं खरं वेड वेगळंच. पुस्तक नेलं म्हणजे वाचलं असं नव्हे, वहीतल्या सहीवरून पुस्तक दाराबाहेर गेलं एवढंच सिद्ध होतं, हे ते साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं सांगत. म्हणून पुस्तक देताना मधेच कुठेतरी चिंचेचं वाळकं पान ठेवून देत. वाचनालयाचे अध्यक्षसाहेब जाडजूड ग्रंथ नेत, परत देताना लेखकाची भरघोस तारीफ करत, आणि चिंचेचं पान आपलं जिथल्या तिथे झोपलेलं. परत आलेलं पुस्तक अण्णा आधी हुंगत, मग उजेडात धरून पानांच्या कडा बघत. कोरं निघालं की त्यांचा चेहरा पडे.

याच माणसाने कापडे गावच्या बौद्धवाडीसाठी पुस्तकांची पेटी सुरू केली. एसटीने पोलादपूर, तिथून पुढे वाडीत. एकदा मीही बरोबर गेलो. पुस्तकं परत देताना एक बाई ओशाळून म्हणाली, "अण्णा, बोलू नका हां. चुलीपुढंच उजेड हाय, तितंच मोठ्यानं वाचते, सगळी ऐकत बसतात. ह्या पानाला काळं लागलं." अण्णांनी ते पान नाकाशी नेलं. धूर, तेल, अंगठ्याचा ठसा. "रागावू कशाला गो बाय? एवढा चांगला पुरावा मला महाडात कोण देतंय?" परतीच्या एसटीत हा माणूस ते पुस्तक मांडीवर घेऊन नवरदेवासारखा बसला होता.

पण पेटी समितीच्या डोळ्यांत खुपत होती. ती बंद करायचा विषय पुढच्या बैठकीत येणार होता. मी अण्णांना म्हटलं, "पत्रक काढतो, दारात घोषणा देतो."

"पुरावा आहे ना आपल्याकडे," अण्णा म्हणाले. "ओरडायचं कशाला?"

बैठकीत त्यांनी टेबलावर दोन ढीग मांडले. एक सदस्यांनी नेलेल्या करकरीत पुस्तकांचा, चिंचेच्या पानांसकट. दुसरा वाडीतून आलेल्या, कडा मऊ पडलेल्या, डागाळलेल्या पुस्तकांचा. "आता बघा," म्हणाले, "वाचतं कोण?"

अध्यक्षांनी वाडीतलं एक पुस्तक चिमटीत धरून उचललं. "बघितलं की. पुस्तकं नासवतात ही माणसं."

पेटी बंद. ठराव एकमताने. ती चिमूट धुराच्या डागासाठी नव्हती, हे त्या खोलीत प्रत्येकाला कळत होतं. दरवर्षी तळ्याकाठी समतेवर भाषणं ठोकणारेही तिथेच बसले होते. त्यांनीही हात वर केले. अण्णा मात्र दोन्ही ढिगांकडे आळीपाळीने बघत राहिले. पुरावा बरोबर होता, मांडणी बरोबर होती, मग चुकलं काय, हे त्या भल्या माणसाला अखेरपर्यंत उमगलं नाही.

मी संतापून पत्रक काढलं. महाडपासून कापड्यापर्यंत वाटलं. अण्णांनी ते उलटंपालटं करून बघितलं. "चांगलं लिहिलंयस. वाचलं कोणी?" पुढे ते नोकरी सोडून मुलाकडे गेले आणि तिकडेच वारले.

त्यानंतर कधीतरी वाडीत गेलो, तर त्या बाईच्या घरात कुडाच्या फटीत माझं पत्रक खोचलेलं. तिने काढून हातात दिलं. घडी मऊ झालेली, कोपऱ्याला तेल. पुराव्याची मी आयुष्यभर टर उडवलेली, पण ते आपसूक नाकाशी गेलं. चुलीच्या धुराचा वास येत होता. दाखवायला अण्णा तेवढे नव्हते.